मैदान कुणाचं?

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री आमच्या वस्तीत फटाके वाजले. भारतीय महिला संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. दुसऱ्या दिवशी अभ्यासवर्गातल्या मुलींना दुसरा विषयच नव्हता. एक तेरा वर्षांची मुलगी मात्र गप्प होती. पळायला चपळ, चेंडू फेकण्यात तरबेज. पण पाळी सुरू झाली तेव्हापासून तिचं मैदान बंद आहे. तिने मला विचारलं, "ताई, त्यांच्या आयांनी त्यांना कसं जाऊ दिलं?"

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात 'आदर्श व्यक्ती समोर ठेवा' असं आम्हाला शिकवलं होतं. या प्रश्नापुढे ते शिक्षण अपुरं पडलं.

१९७३ साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, संघ होते फक्त तीन. १९७६मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी मालिका झाली आणि शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली पाटण्याला पहिला विजय मिळाला. या खेळाडू विनाआरक्षण डब्यांतून प्रवास करत, मिळेल तिथे जमिनीवर झोपत. खेळण्याचे पैसे तर नव्हतेच. पुरुषांच्या क्रिकेट मंडळाने त्यांना आपल्यात घेतलं ते थेट २००६मध्ये, आणि सामन्याचं समान मानधन जाहीर केलं २०२२मध्ये.

आपण या बायकांची जिद्द आठवतो. त्यांनी केलेली व्यवस्था मात्र विसरतो. मुंबईच्या डायना एडुलजी स्वतः रेल्वेत नोकरीला होत्या. महिला क्रिकेटपटूंना रेल्वेने नोकऱ्या द्याव्यात म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. महिन्याचा पगार घरात येऊ लागला की मुलीचं खेळणं 'उनाडक्या' राहत नाही. पुढे हरमनप्रीत कौरला पश्चिम रेल्वेत नोकरी मिळावी म्हणूनही त्यांनी शब्द टाकला. तीच हरमनप्रीत २०२५च्या विजेत्या संघाची कर्णधार. ही साखळी नीट पाहायला हवी. नुसत्या कौतुकाने ती जुळलेली नाही.

मग त्या मुलीच्या आईला दोष द्यायचा का? मला तो द्यावासा वाटत नाही. वस्तीजवळच्या मैदानावर संध्याकाळी दिवे नसतात, बायकांसाठी संडास नाही, कडेला टोळकी बसलेली असतात. त्याच वेळी नळाला पाणी येतं. ते भरायचं मुलीने, आणि भाऊ बॅट घेऊन बाहेर! आईची भीती खरी आहे. ती भाषणाने जाणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या हव्यात. मैदानावर रोज एक तास मुलींसाठी राखून ठेवा. दिवे लावा, संडास बांधा. शिकवायला बाई नेमा. आणि घरात पाण्याची पाळी भावालाही लावा. ही शेवटची मागणी पालिकेकडे करता येत नाही, ती आपल्याच घरात करावी लागते.

त्या आईला मी भेटले. ती म्हणाली, "तुम्ही बरोबर थांबणार असाल तर पाठवते." आता आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही दोघी कार्यकर्त्या मैदानाच्या कडेला बसतो. सहा मुली येतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातलं मैदान एकदा संध्याकाळी सहा वाजता पाहून या. किती मुली दिसतात ते मोजा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या आकड्याने करू या.