पानातले बोट

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचावयाचे असते, हा माझा लहानपणापासूनचा समज. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या बारा वर्षांच्या नातवाने तो मोडून काढला. दुपारची जेवणे झाली, की तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन माजघरात बसे. चार ओळी वाची, फासे टाकी, कागदावर काही टिपून ठेवी आणि एकदम शंभर-दीडशे पाने ओलांडून भलतीकडेच वाचू लागे. न राहवून मी विचारले, "अरे, तू पुस्तक वाचतोस, की सारीपाट खेळतोस?"

मान वर न करताच तो म्हणाला, "दोन्ही, आजोबा!"

त्याच्या हातात होते ते खेळ-पुस्तक. अशा पुस्तकातील परिच्छेदांना क्रमांक दिलेले असतात. कथेचा नायक दुसरातिसरा कोणी नसून स्वतः वाचकच असतो. 'डावीकडे जावयाचे असल्यास अमुक क्रमांक वाचा, उजवीकडे जावयाचे असल्यास तमुक,' असे पुस्तक सांगते आणि वाट वाचकाने निवडावयाची असते. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या दोघांनी १९८२ साली इंग्लंडमध्ये लिहिलेले 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे अशा पुस्तकांपैकी फार गाजलेले पुस्तक. त्यात ४०० परिच्छेद आहेत. वाटा अनेक असल्या, तरी गाठावयाचे ठिकाण एकच : डोंगराच्या पोटातील मांत्रिकाचा खजिना.

पुढे १९९५ साली डेव्ह मॉरिस आणि जेमी थॉमसन या लेखकांनी 'फेबल्ड लँड्स' ही मालिका सुरू केली आणि या खेळाला नवे अंगण मिळाले. येथे ठराविक शेवट नाही. हवे तर जहाज विकत घेऊन माल या बंदरातून त्या बंदरात न्यावा, हवे तर अरण्यात भटकावे, हवे तर एखाद्या देवतेच्या मंदिरात दीक्षा घ्यावी. एका पुस्तकातील प्रदेशाची सीमा ओलांडली, की मालिकेतील दुसरे पुस्तक उघडावयाचे आणि तेथून पुढचा प्रवास करावयाचा. याच दोघांनी २०२१ पासून 'व्हल्कनव्हर्स' ही पाच पुस्तकांची मालिका लिहिली. व्हल्कन म्हणजे रोमन लोकांचा लोहार देव. ग्रीक त्याला हेफिस्टस म्हणत. या मालिकेत मृतांची भूमी आहे, तप्त वाळवंट आहे, घनदाट अरण्य आहे आणि हिमाच्छादित पर्वतही आहेत. पहिल्या चार पुस्तकांपैकी कोणत्याही पुस्तकापासून प्रवासास आरंभ करता येतो. माझा नातू याच मालिकेत रमला होता.

अशा भटकंतीला ग्रीक पुराणकथा इतक्या का मानवतात, याचा मी विचार करू लागलो. युद्ध संपवून घरी निघालेल्या ओडिसियसला परत पोहोचावयास दहा वर्षे लागली. वाटेत बेटामागून बेट आले आणि प्रत्येक बेटावर नवे संकट उभे राहिले. कोठे एकाक्ष राक्षस, कोठे माणसांची डुकरे करणारी मायाविनी. त्या कथांची रचनाच मुळी प्रवासाच्या नकाशासारखी आहे. शिवाय त्या कथांतील देव माणसांप्रमाणेच रागावतात, रुसतात आणि पक्षपात करतात. एकाला प्रसन्न करावे, तर दुसरा कोपतो. अर्थात प्रत्येक वळणावर निवड करणे आलेच.

परंतु खरे आकर्षण याहून निराळे आहे, असे मला वाटते. मनसोक्त हिंडण्याची मोकळीक कोणालाही आवडते. पण नुसत्या मोकळिकीचा लवकरच कंटाळा येतो. या पुस्तकांतील जग तुम्ही केलेली गोष्ट विसरत नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य आहे. एखादे काम केले, की पुस्तक एक खूणशब्द देते. तो आपल्या यादीत लिहून ठेवावयाचा. काही परिच्छेदांजवळ छोटे चौकोन असतात. तेथे येऊन गेल्याची खूण पेन्सिलीने करावयाची. पुष्कळ पाने उलटून गेल्यावर पुस्तक विचारते, 'अमुक शब्द तुमच्या यादीत आहे काय?' असल्यास एक वाट उघडते, नसल्यास दुसरी. कधी केलेले उपकार फळास येतात, तर कधी जुने वैर दारात येऊन उभे राहते.

मुलांनो, आपल्याकडचा मोक्षपट तुम्ही पाहिला असेल. सापशिडीचेच ते जुने रूप. परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्याच्या पटावर सद्गुणाच्या घरी शिडी असते आणि दुर्गुणाच्या घरी साप. पण त्या पटावर सोंगटी कोणत्या घरात जाईल, हे दानावर अवलंबून असते. खेळणारा काही ठरवीत नाही. खेळ-पुस्तकात फासे आहेतच, कारण नशिबाचा वाटा आयुष्यातही असतो. मात्र फासे टाकण्यापूर्वी कोणत्या वाटेने जावयाचे, हे तुम्हीच ठरविलेले असते. म्हणून दोष सर्वस्वी फाशांना देता येत नाही.

आता या लेखाला मी जे नाव दिले, त्याची हकीकत सांगतो. खेळताना नातवाच्या डाव्या हाताचे एक बोट सदैव मागच्या पानात खुपसलेले असे. निवडलेली वाट संकटाची निघाली, की तो गुपचूप त्या पानावर परत येई आणि दुसरी वाट धरी. मी त्याला रागावलो. मी म्हणालो, "ही लबाडी झाली. चाळीस वर्षे मी परीक्षागृहांत फेऱ्या घातल्या आहेत. असली बोटे मला बरोबर दिसतात!"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तक माझ्या हाती देऊन म्हणाला, "आजोबा, आज तुम्ही खेळा."

मी चष्मा पुसून बसलो. तासाभरात एका दुर्घट ठिकाणी येऊन पोहोचलो. दोन वाटांपैकी एक निवडली आणि फासे टाकले. ते विरुद्ध पडले. तासाभराची सारी मिळकत जाणार, असे दिसू लागले. इतक्यात नातू टाळ्या पिटून ओरडला, "आजोबा, बोट काढा!" मी पाहिले, तर माझे बोट मागच्या पानात होते. ते तेथे केव्हा गेले, हे माझे मलाच कळले नव्हते.

घरात सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री बराच वेळ मला झोप आली नाही. परीक्षागृहात पर्यवेक्षक असतो, मैदानावर पंच असतो. या खेळात कोणीच नसते. किती दान पडले, यादीत कोणता शब्द आहे, खोडरबर कोठे फिरले, हे सारे एकट्या वाचकाला ठाऊक असते. पुस्तक त्याच्यावर विश्वास ठेवते. कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, हे कळण्यासाठी मला या वयात एका खेळाच्या पुस्तकाची गरज पडली.

काही शिक्षक आणि पालक या पुस्तकांना नाके मुरडतात. 'हे वाङ्मय नव्हे, वेळेचा अपव्यय होय,' असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मी सर्वस्वी खोटे ठरविणार नाही. या पुस्तकांतील वर्णने बहुधा त्रोटक असतात. नायक वाचकच असल्याने त्याच्या मनाचा ठाव लेखकाला घेता येत नाही. आणखी एक उणीव मला विशेष जाणवते; ती एका जुन्या कथेच्या आधाराने सांगतो.

अथेन्सचा राजपुत्र थीसियस क्रीट बेटावरील मिनोटॉर या नरवृषभाला मारावयास निघाला. जहाजाची शिडे काळी होती. पित्याने बजावले होते, 'जिवंत परतलास, तर पांढरी शिडे उभार.' थीसियसने त्या चक्रव्यूहात शिरून राक्षसाला मारले. एरियाडनीने दिलेल्या धाग्याच्या आधाराने तो बाहेरही आला. परंतु परतीच्या वाटेवर शिडे बदलावयाचे तो विसरला. कड्यावर वाट पाहणाऱ्या वृद्ध एजियस राजाला दुरून काळी शिडे दिसली. पुत्र गेला असे समजून त्याने समुद्रात उडी टाकली. त्याच्याच नावावरून त्या समुद्राला एजियन समुद्र म्हणतात, असे ही कथा सांगते.

ही कथा शंभर वेळा वाचली, तरी थीसियस शंभर वेळा विसरतोच. आपण हळहळतो, त्याला हाक मारावीशी वाटते. पण ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ही हळहळ मूळ कथाच देऊ शकते. ज्या पुस्तकात शिडे बदलणे आपल्या हाती असते, त्यात ती मिळत नाही. म्हणून खेळ-पुस्तके आवडत असतील, तर ज्या कथांतून ती उगवली, त्या कथाही अवश्य वाचा. एकीत आपण स्वतः चालतो, दुसरीत दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होतो. वाचकाला दोन्हींची आवश्यकता आहे.

आणि खेळताना बोट पानातून काढून ठेवा. ऑर्फियसने मृतांच्या राज्यातून आपली पत्नी युरिडिसी परत मिळविली होती. प्रकाशात येईपर्यंत मागे वळून पाहावयाचे नाही, एवढीच अट होती. त्याला ती पाळवली नाही, आणि युरिडिसी कायमची गेली. आपल्या खेळात एवढे भयंकर काहीच घडावयाचे नसते. फार तर थोडे कल्पनेतले सोने जाईल, एखादी मोहीम फसेल. मग वाट चुकल्यामुळे जी नवी वाट समोर येते, ती तरी पाहावयास मिळेल. मागे परतणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

सुटी संपवून नातू गावी परत गेला, तेव्हा पुस्तक माझ्याकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, "तुमचा डाव अर्धा राहिलाय, आजोबा." ते फासे विरुद्ध पडले होते, तेथूनच मी पुढे वाचावयास घेतले आहे. मिळकत गेली, पण प्रवास चालू आहे. डावा हात मी आता मांडीवर ठेवतो.