दान आणि हक्क

कोलकात्यात हुगळीच्या काठी उभा असलेला फोर्ट विल्यम आता ‘विजय दुर्ग’ या नावाने ओळखला जातो. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गाचे स्मरण करून देणाऱ्या या किल्ल्यात लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाच्या निवृत्तिवेतनाची कथाही बंगालच्या याच भूमीशी निगडित आहे.

१७६५ साली बंगालचा नवाब मीर जाफर निवर्तला. त्याने रॉबर्ट क्लाइव्हसाठी पाच लाख रुपये मागे ठेवले होते. क्लाइव्हने ती रक्कम ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केली आणि १७७० च्या करारान्वये ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ स्थापन झाला. जखमांनी किंवा दीर्घ सेवेने निकामी झालेले कंपनीचे गोरे अधिकारी व शिपाई, तसेच त्यांच्या विधवा यांना त्यातून साहाय्य मिळू लागले. पैसा बंगालचा होता. परंतु कंपनीसाठी रक्त सांडणाऱ्या हिंदी शिपायाला त्यात वाटा नव्हता.

त्याच्यासाठी निराळी सोय झाली. १७८० नंतरच्या दशकात भागलपूर व आसपासच्या प्रदेशात निकामी शिपायांना जमिनी देऊन वसविण्यात आले. पडीक रान लागवडीखाली आले आणि सरकारच्या विश्वासातली माणसेही तेथे स्थिरावली. उपकारात हिशेबही होता.

१८५८ साली कंपनीची सत्ता संपली व तिचे सैन्य राणी सरकारकडे गेले. तेव्हा क्लाइव्हच्या मालमत्तेच्या प्रतिनिधींनी फंडाची रक्कम परत मागितली आणि १८६३ साली ब्रिटनच्या उमराव सभेने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दानावर उभी राहिलेली व्यवस्था दात्याच्या अटींबरोबरच संपली!

स्वतंत्र भारतात हा विषय नियमांच्या चौकटीत आला. १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन नियमांत दोन कसोट्या होत्या : अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे. पहिल्या कसोटीवरच अनेक अर्ज अडत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सिग्नल दलातील एका सैनिकाच्या खटल्यात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी ज्याच्या व्याधीची नोंद नाही, तो सुदृढ होता असेच मानावे. व्याधीचा सेवेशी संबंध आहे हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. २०२३ साली या बाबतीत नवे नियम आले. दाद मागण्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले असून त्याचे एक खंडपीठ कोलकात्यातच आहे.

हक्कालाही कागदाचा आधार लागतो. म्हणून ज्या घरातील कुणी सैन्यात आहे, त्या घराने भरतीची व वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे दागिन्यांइतकीच जपावीत आणि अडचण आल्यास जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचे दार निःसंकोच ठोठवावे. तेथे मागावयाची ती कुणाची कृपा नव्हे. सैनिकाने आपल्या देहाने आधीच चुकविलेल्या मोलाची ती परतफेड आहे.