प्यायला जाणारे आणि जाऊ न देणारे

दिवाळीच्या सुट्टीत चार मित्रांनी गाडी काढून कोकणातून गोव्याला जायचे ठरवले की घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "गोव्याला म्हणजे प्यायलाच की!" मित्रमंडळी तोंडाने काही म्हणत नाहीत, नुसते एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात. वरवर पाहता हे हाडवैरी. माझा आरोप असा आहे की दोघांचे मत तंतोतंत एकच आहे. गोवा म्हणजे दारू आणि दारू म्हणजे बेहोशी, यापलीकडे कोणाचीच नजर जात नाही.

आधी रस्त्याचेच घ्या. समुद्राच्या कडेने जायचे तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवावी आणि पलीकडे वेश्वीला उतरवावी. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव पाहावा. पुढे दाभोळहून धोपावे, मग तवसाळहून जयगड. जयगड सोडले की केशवसुतांचे मालगुंड लागते आणि रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा. हद्दपारीतच १९१६ साली तो राजा वारला. प्रत्येक खाडीवर बोटीची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहताना माणूस शेजारच्या माणसाशी बोलतो. आता या खाड्यांवर पुलांची कामे निघाली आहेत. पुलाला माझा विरोध नाही. अडलेल्या बाळंतिणीला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे तर पूल हवाच. पण आमच्या या वीरांना कसली घाई असते? रात्रभर महामार्गावरून गाडी हाणायची आणि 'इतक्या तासांत पोचलो' म्हणून वर्षभर फुशारकी मारायची! वाटेतले सारे कोकण झोपेत गेले, याची खंत नाही.

बरे, पोचून तरी काय पाहतात? गोव्याच्या खेड्यातली जुनी तावेर्न यांच्या गावीही नसते. घराचीच पुढची खोली, दोन बाके, फळीवर बाटल्या. पुष्कळ ठिकाणी गल्ल्यावर घरधनीणच बसलेली. संध्याकाळी माडावरून उतरलेला रेंदेर येतो, जाळे वाळत टाकून मासेमार येतो, एखादे निवृत्त मास्तरही येतात. हातात लहानसा पेला. कोणाचे नारळ पाडायचे राहिले, कोणाचा मुलगा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून विलायतेला गेला, याची चर्चा. कोणाला कितपत पचते ते मालकिणीला ठाऊक असते आणि 'आता पुरे, घरी जा' म्हणायला ती कचरत नाही. पेल्यात असते ती फेणीही अशीच सावकाश जन्मलेली. उन्हाळ्यात झाडाखाली आपसूक पडलेले बोंडू वेचायचे, तुडवून रस काढायचा, तो आंबू द्यायचा आणि मग भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका गावठी दारूला मिळालेला हा मान आहे.

अशा ठिकाणी आमचे चौघे शिरतात ते आरडाओरडा करत. नाहीतर बाटल्या घेऊन थेट वाळूवर बसतात आणि रिकाम्या बाटल्या खडकावर फोडतात. अखेर उघड्यावर पिणाऱ्यांना दंड करण्यासाठी गोवा सरकारला २०१९ साली कायदा कडक करावा लागला. कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक पराक्रम चालतो. गाडी वाळूत घालायची, भरती आली की ती रुतायची, आणि मग ट्रॅक्टर आणून ओढून काढायची ती गावकऱ्यांनी!

हे असे का होते? इथे मी दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. तो किती जणांजवळ असतो आणि विचारतो कोण? घरातही हाच कायदा. काका माडीवर दार लावून 'औषध' घेतात, आणि पोरांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असते. जे चोरून शिकले ते चोरासारखेच, घटाघटा, कोणी यायच्या आत पितात. मर्यादा शिकवणारे कोणी समोर बसलेलेच नव्हते! आणि तिकडे तेरेखोलच्या अलीकडे आपल्याच वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या बागांतून बीसाठी काजू वेचतात आणि मणामणाने बोंडू झाडाखाली कुजत ठेवतात.

"शाळामास्तर असून दारूची भलामण करता?" असे विचारणारी पत्रे येतील हे मी गृहीत धरतो. दारूने घरे बसली आहेत, माझ्या वर्गातल्या मुलांची बसली आहेत, आणि तावेर्नीतूनही काही संसार वाहून गेले असतील. मी स्वतः तिथे लिंबूसोडा घेतो. मालकीण तोही तितक्याच अगत्याने देते. पण पोराला 'जाऊ नको' म्हणून दरडावले, की पोर 'देवगडला आंबे बघायला जातो' असे सांगून निघते. दिवाळीत कसले आले आंबे? आईलाही ते कळते, ती पिशवीत चकल्या भरून देते आणि गप्प बसते. हा खोटेपणा दोन्ही पक्षांनी मिळून पोसलेला आहे.

म्हणून यंदा वडिलांनीच म्हणावे, 'मीही येतो.' चौघांच्या तोंडचे पाणी पळेल, पळू द्या. बाणकोटच्या बोटीत वडील खाडीवरच्या माणसांशी गप्पा मारतील, हर्णैला मासळीच्या भावावरून वाद घालतील, आणि गोव्याच्या त्या बाकावर मुलाच्या शेजारी बसतील. मुलगा एक पेला घेईल, कदाचित वडीलही घेतील. ज्याला गाडी चालवायची त्याने सोडा प्यावा, किंवा त्या रात्री गाडीच हलवू नये. गाडीत पाचवी जागा असतेच. आजवर तिथे बाटल्यांचे खोके ठेवलेले होते, एवढेच.