एकाच्या बदल्यात पाच?

गेल्या रविवारी माकुणसारच्या खाडीवर गेलो होतो. ओहोटी होती, त्यामुळे तिवराची चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं मस्त दिसत होती. चिखलात हवा नसते ना, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवर टाकतं... चाटून बघा एकदा! हाच पाला गुरं खातात, लाकूड चुलीत जायचं, मुळांच्या जाळीत कोळंबी वाढते.

आता मुद्दा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २२ हजार कांदळवनाची झाडं तोडायला परवानगी दिली. म्हणे एकाच्या बदल्यात पाच लावणार. हे काय कॉपी-पेस्ट आहे? तिवराला भरती-ओहोटीचं पाणी लागतं. ते नीट खेळतं तिथे बी आपणहून तरंगत येऊन रुजतं. नाही तिथे पाच काय, पन्नास लावा! रोपं मोजणं सोपं असतं हो, आमच्याकडेही काही मॅनेजर कोडच्या ओळी मोजतात. दहा वर्षांनी त्यातली जगली किती, हे कोण मोजणार आहे?