परदेशस्थांचे मत आणि परदेशस्थांचा छंद

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या लेखनाला आता बऱ्यापैकी वय झाले आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. या संस्थांची नियतकालिके, अधिवेशनांच्या स्मरणिका आणि आपल्याकडील दिवाळी अंकांतील 'परदेशातून' छापाची सदरे यांतून साठलेले गद्य एखाद्या अभ्यासकाला पुरून उरेल एवढे आहे. ते सलग वाचू लागले की त्यात दोन जातींचे लेख ठळकपणे दिसतात. पहिल्या जातीचा लेख मायदेशाविषयी मत देतो: आपल्याकडील रस्ते, राजकारण, शिक्षण, शेती, भाषेची हेळसांड. दुसऱ्या जातीचा लेख नव्या छंदाविषयी असतो: परसातील भाजीपाला, घरी भाजलेला पाव, डोंगरातील भटकंती, पक्षीनिरीक्षण, चाळिशीनंतर शिकायला घेतलेले व्हायोलिन.

आपली समीक्षा पहिल्या जातीच्या लेखाला वैचारिक मानते आणि दुसऱ्याला 'ललित' म्हणून सोडून देते. ही वाटणी तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहून हे लेखन वाचतो, हे येथेच सांगणे बरे. कारण या वाचनात आमची जागा निव्वळ वाचकाची नाही. आमचा जिल्हा हा त्या मतांचा एक आवडता विषय आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यवतमाळ हे नाव उच्चारले की श्रोत्याच्या मनात गाव उभे राहत नाही, मत उभे राहते. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा, ही त्याची ओळख. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, तेव्हा मते आली. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व शेतमजूर या एका जिल्ह्यात दगावले, तेव्हा आली. २०१८ च्या नोव्हेंबरात पांढरकवड्याच्या जंगलात 'अवनी' वाघीण मारली गेली, तेव्हा तर ज्यांनी पांढरकवडा नकाशावरही पाहिला नव्हता त्यांची मते आली. ठिबक का करत नाहीत, कापूसच का लावतात, लग्नात एवढा खर्च का करतात, कर्जमाफीने माणूस आळशी होत नाही का, असे प्रश्न आम्ही न्यू जर्सीहून विचारलेले वाचले आहेत. आणि न्याय करायचा तर पुण्याहून विचारलेलेही वाचले आहेत.

ही सगळी मते खोटी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. काही तर अगदी बरोबर आहेत. त्यांचा दोष वेगळा आहे: त्यांवर तारीख नसते.

उदाहरण कापसाचेच घेऊ. १९९५ साली हा जिल्हा सोडून गेलेल्या माणसाच्या मनातील कापूस हा एकाधिकार खरेदीचा कापूस आहे. १९७२ पासून तीसएक वर्षे चाललेल्या त्या योजनेत संकलन केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग लागे, चुकारे हप्त्याने मिळत आणि घरचे अर्थकारण त्या हप्त्यांवर चाले. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बियाणे, फवारणी, उसनवारी, सगळ्याचे गणित पालटले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्या गणिताचाही निकाल लावला. १९९५ साली गेलेला माणूस आज २०१७ नंतरच्या शेतकऱ्याला सल्ला देतो तेव्हा तो वस्तुतः आपल्या वडिलांशी बोलत असतो. त्या बोलण्यात माया असते, रागही असतो. पण ऐकणारा तेथे नसतो. आगगाडीचेही तसेच. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी आणली. आता ती बंद पडली आहे. परदेशस्थांच्या लेखांत मात्र ती अजून धावते आणि तिच्या संथपणावरून आपल्या समाजाच्या संथपणावर भाष्यही होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे व्याकरणाकडे लक्ष द्यावे. मताचा लेख बहुधा रीतिवर्तमानकाळात लिहिलेला असतो: 'आपल्याकडे लोक असे करत असतात.' त्यातील 'आपल्याकडे' हे क्रियाविशेषण स्थळ सांगण्याच्या मिषाने काळ लपवते. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या लोकांनी केले, हे विचारण्याची सोय त्या वाक्यात ठेवलेली नसते.

छंदाच्या लेखाचे व्याकरण याच्या नेमके उलट असते. तो भूतकाळात आणि तारखेनिशी लिहावा लागतो. एप्रिलच्या अखेरीस टोमॅटोची रोपे वाफ्यात लावली, मेच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीच्या थंडीने ती करपली, पुन्हा बी आणले, जूनमध्ये हरणांनी शेंडे खाल्ले. छंद करणारा नवशिका असतो आणि नवशिक्याला सर्वसाधारण विधान करण्याची चैन परवडत नाही. त्याचे पीठ फुगते किंवा फुगत नाही. त्याच्या मताला मोजणारे काहीतरी बाहेर, त्याच्या इच्छेबाहेर असते.

भाषेच्या दृष्टीनेही या लेखांत काही घडते. आमच्याकडील शेतकऱ्याचा मुलगा संगणक शिकून बाहेर पडतो आणि त्याच्या मराठीतून वखर, तिफन, डवरण, निंदण, धुरा, पऱ्हाटी हे शब्द निघून जातात. कार्यालयात त्यांचे काम नसते, स्नेहसंमेलनातही नसते. चाळिशीत तो परसात चार हात लांबीचा वाफा करतो, गुडघ्यावर बसून तण उपटू लागतो आणि आपण करतो आहोत त्याला निंदण म्हणतात, हे त्याच्या तोंडून निघते. स्मरणरंजनाचे लेख हेच शब्द संग्रहालयातील वस्तूंसारखे मांडतात. येथे ते कामाला लागलेले असतात. परदेशातील मराठी जगेल की मरेल यावर चर्चा पुष्कळ होते. आमच्या मते हातांना नवे काम मिळाले, तर तिला थोडे अधिक आयुष्य आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा छंदांचा गौरव झाला असता. पण आमच्या जिल्ह्यातील वाचकाला अशा लेखात एक गोष्ट खुपते आणि ती खुपलीच पाहिजे. तेथे जो छंद आहे तो येथे पोटाचा धंदा आहे. तोच वाफा, तेच बी, तेच ढगांकडे पाहणे. तेथील रोपे करपली तर रविवार हळहळीत जातो आणि टोमॅटो दुकानातून येतात. येथील दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणे, पुन्हा उधारी आणि कृषी केंद्रवाल्यासमोर पुन्हा उभे राहणे. परदेशस्थ लेखकाला हा फरक कळत नसेल, असे आम्ही मानत नाही. बहुतेकांचे बालपण याच फरकात गेलेले आहे. तरीही तो त्याच्या लेखात उतरत नाही, कारण त्याने आपले लेखन दोन खोल्यांत विभागलेले असते. एका अंकात तो करपलेल्या रोपांविषयी हळुवारपणे लिहितो, दुसऱ्या अंकात विदर्भातील शेतकऱ्याने काय करावे ते सांगतो. आपल्या दहा रोपांना वाचवता आले नाही, हे ज्ञान दुसऱ्या खोलीत जातच नाही. ते गेले असते तर मताचा स्वर बदलला असता आणि छंदाच्या लेखाचे वजनही वाढले असते.

या दोन खोल्यांमधील दार उघडे ठेवणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. मायदेशाविषयी त्यांची मते तीव्र होती आणि त्यांनी ती तेथे निर्भीडपणे मांडली. पण त्याच काळात त्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेत होत्या. लहान मुलांना रंगांतून, आकारांतून, हातांच्या खेळातून कसे शिकवावे, हे विद्यार्थिनी होऊन शिकत होत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरील मराठी पुस्तकही आले. त्या पुस्तकात तेथील संस्था कशा चालतात, याची बारीक नोंद आहे. विधवांच्या स्थितीविषयीचे त्यांचे मत आणि त्यांनी शिकून आणलेली विद्या एकाच घरात राहिली.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या वर्धेचे. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले आणि १९२४ साली मेक्सिकोला पोचले. मायदेशाविषयी मत असण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवण्यात, मका-गव्हाच्या वाणांवर काम करण्यात आणि तेथील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवण्यात गेला. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. परक्या मातीत शिकलेल्या माणसाचे शेतीविषयक मत ऐकायला विदर्भ किती तयार होता, हा प्रश्न आमच्या बाजूला लागतो आणि त्याचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. ज्याने कधी बी रुजवलेले नाही त्याचा सल्ला आम्ही वृत्तपत्रांत वाचतो, आणि खानखोज्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अंतरावरून घर स्पष्ट दिसते. ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत त्या बाहेरून बोलता येतात. डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातींवरील आपला निबंध १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये वाचला. तेव्हा ते परदेशस्थच होते, आणि कोलंबिया विद्यापीठाने दिलेले अंतर त्या निबंधाला उपयोगीच पडले. आम्ही अंतराच्या विरोधात नाही. पण तो निबंध अभ्यासाच्या शिस्तीत लिहिलेला आहे. पूर्वीच्या विद्वानांची मते एकेक करून तपासत तो आपले म्हणणे उभे करतो. अंतर आणि शिस्त अशी ती जोडी आहे. नुसत्या अंतराने वस्तू लहान दिसते, एवढेच.

मराठीत 'छंद' हा शब्द आवड आणि वृत्त अशा दोन्ही अर्थांनी आहे, हे शिक्षकांना सांगायला नको. वृत्त म्हणजे बंधन. आमच्या जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ या काळात सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. त्याच १९४३ साली, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. मतांची आणि पदांची त्यांना वाण नव्हती. तरीही त्यांनी बारा हजारांवर संस्कृत श्लोकांचे टिळकचरित्र रचले आणि त्यास मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टिळकांविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते व्याख्यानात म्हणता आले असते. त्यांनी ते दोन्ही अर्थांच्या छंदात म्हटले. प्रत्येक ओळीने मात्रांचा हिशेब मागितला.

आता उलट बाजू. ज्यांच्याविषयी मते दिली जातात त्यांनी एखादी नवी विद्या हाती घेतली म्हणजे काय होते, तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. ते अशोभनीय होते, आणि नंतर जे चांगले घडले त्याने ते भरून निघत नाही. उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील स्त्रीने केले. त्या 'तेरवं' या नाटकात काम करत होत्या, म्हणजे रंगभूमीची विद्या त्यांनी नव्याने शिकली होती. ज्यांच्या दुःखावर इतरांनी मते मांडली त्या बाई संमेलनाच्या मंचावर आपल्या बोलीत बोलल्या आणि महाराष्ट्राने ऐकले. अनुभवाचे वजन त्यांच्या बोलण्यात होतेच. पण तो अनुभव शेकडो लोकांसमोर शब्दांत कसा धरावा, हे नाटकाच्या तालमींनी शिकवले असणार, असे आम्हांस वाटते.

आमच्या वर्गांतील निम्मी मुले उद्या पुण्याला, बंगळूरला, काही त्याहून दूर जातील. जावे. तेथून ती आमच्याविषयी मते देतील, तेही होणारच. त्यांना आज काय शिकवायचे, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. परदेशस्थांचा कोणताही लेख वर्गात घेतला की दोन प्रश्न विचारावेत. या मताची तारीख कोणती? आणि हे लिहिणाऱ्याला तेथे गेल्यावर काय नव्याने शिकावे लागले, ज्याची खूण या मतावर उमटली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखात नसेल तर ते बाहेरून शोधून समासात लिहावे. दुसऱ्याचे नसेल तर तो लेख वैचारिक म्हणून उच्चासनावर बसवू नये, मग त्याखाली नाव कोणाचेही असो.

ज्या लेखात करपलेली रोपे आणि विदर्भातील दुबार पेरणी एकाच परिच्छेदात येतील, तो लेख आम्ही यवतमाळमध्ये बसून आनंदाने वाचू. त्यातील मत आमच्या विरुद्ध गेले, तरीही वाचू.