कासाईची शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीचा आग्रह

बाळ अडीच महिन्यांचे. डोळे पिवळे, शी खडूसारखी पांढरी, आणि आईवडिलांचा पहिला प्रश्न : “डॉक्टर, दुर्बिणीतूनच होईल ना?” प्रश्न स्वाभाविक आहे. घरातल्या कुणाचे तरी पित्ताशय किंवा अपेंडिक्स दुर्बिणीतून निघालेले असते आणि माणूस आठवडाभरात हिंडूफिरू लागलेला असतो. पण बिलियरी अट्रेशियाच्या, म्हणजे पित्तनलिका बंद पडलेल्या, बाळासाठी बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर आजही ‘नाही’ असेच द्यायला हवे, आणि ते देताना बालशल्यचिकित्सकाने कचरू नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

जपानमधील सेंदाईच्या मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये या आजारावरची शस्त्रक्रिया प्रथम केली. तिचे मर्म अजून तेच आहे. यकृताच्या दारापाशी, पोर्टल शिरेच्या फाट्यामागे, पित्तनलिकांच्या जागी तंतूंचा एक पांढुरका गोळा उरलेला असतो. तो यकृताच्या पृष्ठभागालगत कापायचा. कात्री थोडी वर राहिली तर सूक्ष्म नलिकांची तोंडे उघडत नाहीत. खोल गेली तर यकृताचा गाभा दुखावतो आणि तिथे व्रण धरतो. रक्त झिरपू लागले की हात कॉटरीकडे जातो, आणि नेमके तेच टाळायचे असते. थोडा वेळ दाबून धरले की रक्त बहुधा थांबते, कॉटरीने जळलेली नलिका मात्र परत मिळत नाही. सगळा खेळ मिलिमीटरचा.

ब्राझीलच्या एस्तेवेस यांनी २००२ मध्ये हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा उत्साह मोठा होता. पडद्यावर सारे मोठे दिसते, चिकटे कमी होतात, पुढे प्रत्यारोपण सोपे जाईल, हे युक्तिवाद फोल नव्हते. मग जर्मनीतील हॅनोव्हरच्या उरे आणि सहकाऱ्यांनी ते पद्धतशीर तपासले. दुर्बिणीतून १२ बाळांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी अभ्यास थांबवला. सहा महिन्यांनी स्वतःच्या यकृतावर असलेली बाळे या गटात ४२ टक्के होती; आधीच्या, पोट उघडून केलेल्या २८ बाळांत ८२ टक्के. आकडे लहान आहेत, तुलना आधीच्या रुग्णांशी आहे, हे खरेच. तरीही स्वतः या तंत्राचा पुरस्कार करणाऱ्या गटाने निकाल पाहून हात आवरता घेतला, याचे मोल मोठे आहे. हाँगकाँगमधूनही असेच निष्कर्ष आले.

कारण काय, याबद्दल एकमत नाही. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने यकृताचा रक्तपुरवठा घटतो, असे काही मानतात. काहींचे बोट कॉटरीच्या उष्णतेकडे आणि लांब, ताठ अवजारांकडे. जपानमधील काही केंद्रांचे दुर्बिणीचे निकाल चांगले आहेत, पण तिथे या एकाच कामावर वर्षानुवर्षे हात बसलेला आहे. वर्षाला दोन-तीन कासाई करणाऱ्या विभागाने त्या निकालांचा दाखला देऊ नये.

कोलेडोकल सिस्टची, म्हणजे पित्तनलिकेच्या फुगवट्याची, गोष्ट वेगळी. तिथे नलिका रुंद असते, जोड दिसतो, टाका नीट बसतो. हनोईच्या लिएम यांनी अशी शेकडो मुले दुर्बिणीतून यशस्वीपणे हाताळली. एका आजारातले यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे, ही चूक परिषदांमध्ये वारंवार दिसते.

टाक्याच्या लांबीहून जास्त फरक पडतो तो बाळाच्या वयाने. साठ दिवसांच्या आत बाळ टेबलावर आले तर पित्त वाहू लागण्याची आशा अधिक. आपल्याकडे मात्र “कोवळे ऊन दाखवा, उतरेल” या सल्ल्यात आठवडे जातात आणि शीचा रंग कुणी विचारतच नाही. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचे कार्ड देशभर आईच्या हाती दिले आणि बाळे लवकर येऊ लागली. दुर्बिणीच्या नव्या संचाची मागणी करणाऱ्या विभागप्रमुखांनी त्याच अर्जाबरोबर जवळपासच्या लसीकरण केंद्रांसाठी अशी कार्डे मागावीत. आणि प्रत्येक कासाईच्या नोंदीत चार गोष्टी असाव्यात : शस्त्रक्रियेच्या दिवशी बाळाचे वय किती दिवस, पद्धत कोणती, सहा महिन्यांनी बिलिरुबिन किती, दोन वर्षांनी यकृत स्वतःचे की दुसऱ्याचे.