परत न मागितला जाणारा पैसा



गेल्या महिन्यात पुलगावकडच्या एका घरी आमचे जाणे झाले. घर कामगाराचे. वडिलांची उभी हयात गिरणीत गेली. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी संसार ओढला. आई शाळेत खिचडी शिजवते. थोरली मुलगी बायोटेक्नॉलॉजी विषय घेऊन एम.एस्सी. झाली आहे आणि धाकट्या मुलाला सिकलसेल आहे. थंडी वाढली की त्याचे हातपाय ठणकू लागतात आणि सारे घर रात्रभर जागे राहते.

चहा झाल्यावर मुलीने आमच्यापुढे एक कागद ठेवला. बाळ जन्मले की टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबावरून गावातच, थोड्या पैशात सिकलसेल ओळखता यावा, अशी तपासणी तिला तयार करून बघायची आहे. ती म्हणाली, "काका, अशा कामाले सरकार पन्नास लाखापर्यंत पैसे देते म्हणतात. खरं आहे का?"

आम्ही तोंड उघडण्याआधीच वडील बोलले, "सरकारचा पैसा कोणाले पचला बापा? घेताना गोड लागते, मग घरावर बोजा चढते."

त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. आम्हीही एके काळी म्हशीसाठी कर्ज काढले होते. रक्कम हातात पडेपर्यंत मधल्या माणसाने आपला वाटा काढून घेतला. म्हैस भाकड निघाली आणि हप्ते मात्र आम्ही सात वर्षे फेडत राहिलो. अशा घरात सरकारी पैसा म्हटले की धडकी भरते. पण वाचकहो, या भीतीपोटी आपण सगळ्या पैशाला एकाच रंगात रंगवून टाकले आहे. मुलीचे म्हणणे खरे होते. म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द.

पैसा तीन प्रकारचा असतो. पहिला कर्जाचा. तो व्याजासकट परत करावा लागतो. धंदा बुडाला तरी कर्ज बुडत नाही. दुसरा भागभांडवलाचा. देणारा तुमच्या कंपनीत वाटेकरी होतो. नफा झाला तर त्याचा वाटा, मोठ्या निर्णयात त्याचा शब्द. तिसरा अनुदानाचा. ठरलेल्या कामासाठी मिळालेला हा पैसा त्याच कामावर नीट खर्च केला आणि हिशेब दिला, तर तो परत मागितला जात नाही.

जैवतंत्रज्ञान म्हणजे सजीवांच्या पेशी, रक्त, जंतू, बियाणे यांच्या अभ्यासातून औषधे, तपासण्या आणि वाण तयार करण्याची विद्या. त्यासाठी केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली स्थापन झाला. या विभागाने २०१२ साली बायोटेक्नॉलॉजी इंडस्ट्री रिसर्च असिस्टन्स कौन्सिल नावाची सरकारी कंपनी काढली. तिला थोडक्यात बायरॅक म्हणतात. तिच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट या योजनेत, म्हणजे बोलीभाषेत 'बिग' योजनेत, १८ महिन्यांच्या कामासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. कल्पना कागदावर आहे, ती प्रत्यक्षात चालते की नाही हे सिद्ध करायचे आहे, एवढ्याच टप्प्यासाठी हा पैसा आहे.

सरकार असा पैसा का देते? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नवे वाण आले तर शहाणा माणूस सगळ्या वावरात ते पेरत नाही. आधी दोन तासांवर पेरून बघतो. ते दोन तास वाया गेले तरी घर चालते. पण ज्याच्याकडे एकरभरच वावर आहे, त्याला तेवढीही जोखीम परवडत नाही. संशोधनाचे तसेच आहे. बँक म्हणते, आधी धंदा दाखवा. भांडवलवाला म्हणतो, आधी वस्तू दाखवा. आणि वस्तू बनवून बघायलाच तर पैसा हवा असतो. त्या पहिल्या दोन तासांचा खर्च सरकारने उचलावा, हे अनुदानाचे मर्म आहे. प्रयोग प्रामाणिकपणे केला आणि तो फसला, तर तो गुन्हा ठरत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे शिकल्यासवरल्यांचे. आपल्या घराशी याचा काय संबंध? वाचकहो, संबंध आपल्या रक्ताचा आहे. सिकलसेलमध्ये गोल असायच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना सुरू होतात. विदर्भात आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात, म्हणजे आपल्यात, हा आजार फार आढळतो. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा नागपूरच्या डॉक्टरांचा लेख १९५८ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, बाळ वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. म्हणून लग्न ठरवताना कोणी विचारत नाही आणि मूल आजारी निघाल्यावर दोष सुनेच्या माथी मारला जातो.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. गावोगावच्या शिबिरात जी साधी विद्राव्यता चाचणी होते, ती मोठ्यांसाठी ठीक आहे. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे त्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. त्याला वेगळी तपासणी लागते. आणि नेमके पहिल्या महिन्यांतच कळले, तर औषधे, लसी आणि काळजी यांनी बाळ वाचवता येते. पुलगावच्या मुलीचा कागद नेमका याच अडचणीवर बोट ठेवतो. हे तिला पुस्तकाने जेवढे शिकवले, तेवढेच भावाच्या उशाशी काढलेल्या रात्रींनी शिकवले.

पहिल्या टप्प्यावरच्या पैशाने काय घडते याची दोन उदाहरणे देतो. जन्मतः ऐकू न येणारी बाळे लवकर ओळखण्यासाठी 'सोहम' नावाचे यंत्र एका नव्या भारतीय कंपनीने जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने तयार केले. २०१७ साली ते बाहेर आले. दुसरे उदाहरण दिल्लीच्या सरकारी जीनोमिक्स संस्थेचे. तिथे डॉ. देबज्योती चक्रवर्ती आणि डॉ. सौविक मैती सिकलसेलवर काम करत होते. २०२० साली कोरोना आला, तेव्हा हातातली तीच विद्या त्यांनी कोरोनाच्या तपासणीकडे वळवली आणि 'फेलूदा' चाचणी तयार झाली. म्हणजे गरिबाच्या आजारावर घातलेला पैसा सगळ्या देशाच्या उपयोगी पडला. आणि आपण स्वतः काही केले नाही तर काय होते, तेही बघा. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. तिथे त्याची किंमत ठरली एका रुग्णामागे २२ लाख डॉलर! आपल्या कोणत्या वस्तीला हे परवडेल?

आता कामाच्या गोष्टी. 'बिग'साठी पाच वर्षांच्या आतली नवी कंपनी अर्ज करू शकते. एकट्या व्यक्तीलाही करता येतो, मात्र तिला मान्य इन्क्युबेशन केंद्राशी, म्हणजे नव्या उद्योगाला जागा, प्रयोगशाळा आणि सल्ला देणाऱ्या केंद्राशी जोडून घ्यावे लागते. महाराष्ट्रात या कामात जुने आणि नावाजलेले केंद्र म्हणजे पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर. पैसा एकरकमी मिळत नाही. काम पुढे सरकेल तसा हप्त्याहप्त्याने मिळतो. अर्ज भरण्याआधी त्या वेळची जाहिरात नीट वाचावी, कारण नियम बदलत असतात.

अर्जात मोठे इंग्रजी नको. पाच प्रश्नांची सरळ उत्तरे हवीत. अडचण कोणाची? आज त्यावर काय उपाय आहे आणि तो कुठे कमी पडतो? तुमच्यात नवे काय? १८ महिन्यांत ते कसे तपासून दाखवाल? कोणता पैसा कशावर खर्च कराल? माणसाच्या रक्ताचे नमुने घ्यायचे असतील, तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, म्हणून एखादे वैद्यकीय महाविद्यालय सोबत हवे. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडे अशी महाविद्यालये आपल्या जिल्ह्यातच आहेत. हळदीवर, वनौषधींवर काम करायचे असेल, तर वर्ध्यात मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत जैवप्रक्रिया आणि वनौषधींचा विभाग आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलेच आहे. आणि कोणी म्हणाला, "मी मंजूर करून देतो, दहा टक्के द्या," तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'बिग'मध्ये जागा राखीव नाहीत. कल्पनेच्या बळावर, सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहावे लागते. अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी बाबासाहेबांच्या नावाने 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' सुरू केले. त्यात तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. पण ती मदत भागभांडवलाची आहे, अनुदान नव्हे. सही करण्याआधी हा फरक ओळखावा.

एवढे सांगून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, पन्नास लाखाचं समजलं. पण त्याच्या आधीचे पन्नास हजार कोण देईन?"

आम्ही गप्प झालो. पुण्याला दोनचार खेपा, अर्ज, मुलाखत, निकालाची वाट बघण्यातले महिने, आणि तेवढा काळ पगाराची नोकरी न धरता राहणे. साठवलेला पैसा असलेल्या घरातला मुलगा हे सहज करतो. कामगाराची मुलगी इथेच थांबते. प्रयोग फसण्याची जोखीम सरकार घेते, पण दारापर्यंत पोहोचण्याची जोखीम घरालाच घ्यावी लागते. आपली मुले या यादीत कमी दिसत असतील, तर त्यांची बुद्धी तोकडी पडली असे कोणी समजू नये. वाट लांब आहे आणि वाटखर्च नाही. सरकारने जिल्ह्याच्या ठिकाणी सल्ला आणि अर्जदाराला प्रवासखर्च द्यावा, अशी मागणी आपण केलीच पाहिजे. पण तोवर हात बांधून बसायचे का?

१९१३ साली बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. पण त्याच्या कितीतरी आधी लग्न होऊन गेलेल्या लेकींचे दागिने मागून, ते गहाण ठेवून पुस्तके आणणारे सुभेदार रामजीबाबा होते. बडोद्याची शिष्यवृत्ती नंतरची. पहिले अनुदान त्या लेकींच्या दागिन्यांचे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढावा आणि वस्तीतल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या अशा वाटखर्चाला द्यावा. वस्तीतल्या निवृत्त शिक्षकांनी, कारकुनांनी रविवारी अर्ज वाचून द्यावेत, हिशेबाच्या वह्या तपासाव्यात. डीजेचा एक तास कमी झाला, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

आम्ही निघालो तेव्हा वडील अंगणात आले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच विचारले, "पुण्याले जाणारी गाडी वर्ध्यावरून कितीले सुटते?" आम्ही त्यांना महाराष्ट्र एक्सप्रेसचे नाव सांगितले. त्यांनी मुलीला हाक मारली आणि म्हणाले, "माय, वेळ लिहून घे. मी येतो सोबत."

जय भीम.